मुका मार आणि ॲड्रिनल ग्रंथीची इजा: अपघात कक्षापासून पाठपुराव्यापर्यंत

मोटारसायकलवरून फेकला गेलेला, नारळाच्या झाडावरून पडलेला किंवा उलटलेल्या ट्रॅक्टरखाली दबलेला रुग्ण रुग्णालयात येतो, त्याच्या पोटाचा सीटी स्कॅन होतो, आणि यकृताची चीर, बरगड्यांचे अस्थिभंग, छातीत साचलेले रक्त अशा नोंदींच्या खाली अहवालात एक ओळ दिसते: ‘उजव्या ॲड्रिनल ग्रंथीत सुमारे ३ सेंटिमीटरची रक्तगाठ.’ बहुतेक वेळा ही ओळ वाचून सोडून दिली जाते. घरी जाताना हाती दिलेल्या डिस्चार्ज कार्डावर ती उतरतही नाही. क्वचित उलटेही घडते, आणि एवढ्याशा ग्रंथीतल्या रक्तस्रावाने घाबरून गेलेले नातेवाईक शस्त्रक्रियेचा आग्रह धरतात.

ॲड्रिनलची इजा स्वतः फार क्वचित जीव घेते, पण ती तीन प्रश्नांची उत्तरे मागते. एवढ्या खोल असलेल्या ग्रंथीपर्यंत जो आघात पोहोचला त्याने आणखी काय काय मोडले आहे? दुसऱ्या बाजूची ग्रंथी शाबूत आहे का? आणि जे दिसते आहे ती खरोखर रक्तगाठच आहे, की अपघाताच्या आधीपासून तिथे असलेली दुसरी एखादी गाठ? हा लेख तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी अपघात कक्षात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आणि अहवाल हातात घेऊन बसलेल्या नातेवाइकांसाठी लिहिला आहे. औषधांच्या मात्रा डॉक्टरांसाठी आहेत. घरच्यांनी त्या स्वतःच्या निर्णयाने वापरू नयेत.

ग्रंथीची जागा आणि तिचा रक्तपुरवठा

प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाशी एक अशा दोन ॲड्रिनल ग्रंथी असतात. प्रौढ माणसात एका ग्रंथीचे वजन सुमारे ४ ते ५ ग्रॅम असते. उजवी साधारण त्रिकोणी असून यकृताच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून बसलेली असते. डावी चंद्रकोरीसारखी असून जठर, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्या मागे असते. दोन्ही ग्रंथी उदरपोकळीच्या मागच्या जागेत, चरबीत गुरफटलेल्या आणि मूत्रपिंडाभोवतीच्या जेरोटाच्या वेष्टनाच्या आत असतात. त्यामुळे त्यांना इजा होण्यासाठी बराच जोर लागतो, आणि रक्तस्राव झाला तरी भोवतालच्या वेष्टनाच्या दाबाने तो बहुधा आपोआप थांबतो.

ग्रंथीच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसोल, आल्डोस्टेरॉन आणि काही प्रमाणात पुरुषी संप्रेरके तयार होतात. आतल्या गाभ्यात ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन तयार होतात. यांपैकी जगण्यासाठी अपरिहार्य आहेत ती बाहेरच्या थरातली कॉर्टिसोल आणि आल्डोस्टेरॉन. गाभ्याची उणीव शरीरातील चेतासंस्था भरून काढू शकते, बाहेरच्या थराची उणीव मात्र औषधावाचून भरून निघत नाही.

रक्तपुरवठ्याची रचना नीट समजून घ्यावी, कारण इजेचे बरेचसे स्पष्टीकरण तिच्यातच आहे. वरून श्वासपटलाच्या धमनीतून, मधून थेट महाधमनीतून आणि खालून मूत्रपिंडाच्या धमनीतून अशा तीन बाजूंनी येणाऱ्या शाखा फुटत फुटत पन्नास-साठ बारीक धमन्या होऊन ग्रंथीत शिरतात, परंतु रक्त बाहेर पडण्यासाठी प्रत्येक ग्रंथीला मुख्यतः एकच शीर असते. चहूबाजूंनी ओढे येऊन मिळावेत आणि पाणी जायला एकच मोरी असावी, तशी ही अवस्था आहे. शिरेतला दाब अचानक वाढला की आतले नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे फुटते. त्यातही उजवी शीर अतिशय आखूड असून ती थेट इन्फिरिअर व्हेना कावा या मोठ्या शिरेला मिळते, तर डावी शीर लांब असून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते.

इजा कशी होते

समोरून किंवा बाजूने जोराचा दाब आला की यकृत मागे ढकलले जाते आणि उजवी ग्रंथी यकृत व पाठीचा कणा यांच्यामध्ये चेंगरते. त्याच क्षणी पोटावरच्या दाबाने इन्फिरिअर व्हेना कावातला दाब एकदम चढतो आणि आखूड उजव्या शिरेतून तो सरळ ग्रंथीत उतरतो. वेगात असलेले शरीर अचानक थांबले, तर अवयवांच्या ओढाताणीने ग्रंथीच्या कडेच्या बारीक धमन्या तुटतात. बहुतेक रुग्णांत या तिन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात एकत्र घडतात. नोंदींमध्ये सुमारे तीन चतुर्थांश इजा उजव्या बाजूला आढळतात, डाव्या बाजूच्या त्याहून बऱ्याच कमी असतात, आणि सुमारे दहा टक्के रुग्णांत दोन्ही बाजूंना इजा असते. त्याचे कारण या रचनेत आहे.

मुका मार बसलेल्या रुग्णांच्या सीटी स्कॅनमध्ये ही इजा साधारण एक-दोन टक्के किंवा त्याहून कमी वेळा दिसते. अपघातात दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात मात्र ती कितीतरी जास्त आढळते. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो: ॲड्रिनलची इजा ही मोठ्या आघाताची खूण आहे. एकट्या ॲड्रिनललाच इजा आणि बाकी सर्व शाबूत, असे शंभरात जेमतेम दोन-चार रुग्णांत दिसते.

पहिली पायरी: अपघात कक्षात

येथे ॲड्रिनलसाठी वेगळे असे काही करायचे नसते, आणि ते करण्याच्या नादात नेहमीचा क्रम मोडू नये. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती आणि संपूर्ण शरीराची तपासणी याच क्रमाने जावे. मानेला आधार द्यावा, दोन जाड सुया लावाव्यात, रक्तगटासाठी व जुळवणीसाठी नमुना पाठवावा. रुग्णाला आणणाऱ्यांनी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची वाट पाहणे शक्य असेल तर ती पाहावी, कारण कण्याला इजा असलेल्या माणसाला जीपच्या मागच्या भागात दुमडून घालण्याने होणारे नुकसान पुढे कोणीच भरून देऊ शकत नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने दिवाणी व फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण दिले आहे. हे गावागावांत पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे.

मात्र चार प्रश्न याच टप्प्यावर विचारून केसपेपरवर लिहून ठेवावेत, कारण नंतर रुग्ण बेशुद्ध झाला किंवा नातेवाईक बदलले की त्यांची उत्तरे मिळत नाहीत. रुग्ण दम्यासाठी, संधिवातासाठी, त्वचारोगासाठी किंवा अन्य कारणाने प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड घेत होता का? सांधेदुखीवर किंवा दम्यावर कोणाकडून नाव नसलेल्या पुड्या, गोळ्या किंवा चूर्ण घेत होता का? अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते, म्हणून हा प्रश्न नातेवाइकांना संकोच न करता, दोष न देता विचारावा. रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का? आणि आधी क्षयरोग, कर्करोग किंवा न आवरणारा रक्तदाब यांपैकी काही होते का? यांतल्या बहुतेक उत्तरांचा उपयोग पुढे कसा होतो ते येईलच.

पोटाची तातडीची सोनोग्राफी उदरपोकळीत मोकळे रक्त आहे की नाही हे सांगते. ॲड्रिनलबद्दल ती प्रौढांमध्ये जवळजवळ काहीच सांगत नाही. उदरपोकळीच्या मागच्या जागेतला रक्तस्राव तिच्यातून सहज निसटतो, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या शब्दांवर जोराचा मार बसलेल्या रुग्णाला घरी पाठवू नये.

दुसरी पायरी: सीटी स्कॅन वाचणे

रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णात शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उजळवणारे द्रव्य) देऊन काढलेला सीटी स्कॅन हीच खरी तपासणी आहे. ग्रंथीत गोल किंवा अंडाकृती गाठ, बहुधा दोन-तीन सेंटिमीटरची, हे सर्वांत नेहमीचे चित्र असते. ताज्या रक्ताची घनता साधारण ५० ते ७० हाउन्सफिल्ड एकक (सीटीवर घनता मोजण्याचे माप) असते आणि कॉन्ट्रास्टनंतर ती फारशी वाढत नाही. ग्रंथीचा आकार हरवून ती नुसतीच फुगलेली व धूसर दिसणे, भोवतीच्या चरबीत रेघा उमटणे, त्या बाजूच्या श्वासपटलाचा कण्यालगतचा पाय जाड दिसणे आणि मूत्रपिंडाभोवती रक्त पसरणे, या जोडीच्या खुणा आहेत. कॉन्ट्रास्ट ग्रंथीबाहेर गळताना दिसला तर रक्तस्राव अजून चालू आहे असे समजावे.

गाठ दिसली की नजर लगेच दुसऱ्या बाजूला न्यावी. अहवालात ‘डावी ॲड्रिनल सामान्य’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर रेडिओलॉजिस्टला फोन करून विचारावे. माझ्या मते या संपूर्ण विषयातले सर्वांत कमी श्रमाचे आणि सर्वांत मोलाचे काम हेच आहे, कारण पुढच्या देखरेखीची सारी दिशा त्या एका उत्तरावर ठरते.

मग इतर अवयव पाहावेत: यकृत, विशेषतः त्याचा मागचा भाग, उजवे मूत्रपिंड, खालच्या बरगड्या, फुप्फुसाचा तळ, छाती आणि कंबर यांच्या सांध्यावरचे मणके, डाव्या बाजूची इजा असेल तर प्लीहा आणि स्वादुपिंडाचे शेपूट. पहिल्या वाचनात यांपैकी काहीच सापडले नाही तर समाधान मानू नये, स्कॅन पुन्हा वाचावा.

फसवी चित्रे तीन आहेत. खोल शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळलेल्या अवस्थेत) असलेल्या रुग्णाच्या दोन्ही ॲड्रिनल कॉन्ट्रास्टनंतर नेहमीपेक्षा खूप उजळ दिसतात आणि सोबत इन्फिरिअर व्हेना कावा चपटलेली असते. ही इजा नसून रक्त कमी पडल्याची खूण आहे आणि तिचा अर्थ रुग्णाला तातडीने रक्त हवे आहे असा होतो. दुसरे, आधीपासूनची साधी ॲडिनोमाची, म्हणजे कर्करोग नसलेली, गाठ. चरबी असल्यामुळे कॉन्ट्रास्टशिवाय तिची घनता बहुधा १० एककांहून कमी असते आणि तिच्याभोवतीची चरबी स्वच्छ असते. अपघातातला स्कॅन बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टसहच काढला जात असल्याने हा फरक त्या क्षणी कळेलच असे नाही. तिसरे, ज्याच्या आत रक्तस्राव झाला आहे असा आधीचा ट्यूमर: फिओक्रोमोसायटोमा (ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये सोडणारी गाभ्यातली गाठ), दुसरीकडून पसरलेला कर्करोग किंवा मायलोलिपोमा (चरबीची साधी गाठ). मार किरकोळ आणि गाठ मोठी, अशी विसंगती दिसली की हा विचार मनात आलाच पाहिजे. दोन्ही ग्रंथी मोठ्या दिसत असतील, विशेषतः चुन्याचे कण असतील, तर आपल्याकडे क्षयरोगही लक्षात ठेवावा. भारतात ॲड्रिनल निकामी होण्याचे ते आजही महत्त्वाचे कारण आहे.

तिसरी पायरी: इजेची श्रेणी

आघात-शल्यचिकित्सेत वापरली जाणारी अमेरिकन श्रेणी पाच पायऱ्यांची आहे. नुसता मुका मार म्हणजे पहिली. फक्त बाहेरच्या थरातली, २ सेंटिमीटरपेक्षा कमी चीर म्हणजे दुसरी. गाभ्यापर्यंत गेलेली, २ सेंटिमीटर किंवा अधिक चीर म्हणजे तिसरी. निम्म्याहून अधिक ग्रंथी नष्ट झाली असेल तर चौथी. आणि संपूर्ण ग्रंथी नष्ट किंवा रक्तवाहिन्यांपासून तुटलेली असेल तर पाचवी. दोन्ही बाजूंना इजा असेल तर श्रेणी एकाने वाढवायची. ही श्रेणी अहवालात असावी, पण उपचार तिच्यावर ठरत नाहीत. रक्तदाब, रक्तस्राव आणि दुसऱ्या ग्रंथीची अवस्था यांवरून ते ठरतात.

चौथी पायरी: एका बाजूची इजा असलेल्या रुग्णाची देखरेख

बहुसंख्य रुग्ण याच गटातले असतात आणि त्यांना ॲड्रिनलसाठी कोणतीही शस्त्रक्रिया लागत नाही. एक ग्रंथी पूर्ण निकामी झाली तरी दुसरी निरोगी ग्रंथी शरीराची सारी गरज भागवते. इतर इजांच्या मानाने आयसीयू किंवा वॉर्डात ठेवावे, नाडी, रक्तदाब व लघवीचे प्रमाण नोंदवत राहावे, आणि सुरुवातीला दर सहा तासांनी हिमोग्लोबिन पाहावे. कुशीत किंवा पाठीत दुखत असेल तर पॅरासिटामॉल आणि गरजेनुसार त्याहून प्रभावी वेदनाशामक द्यावे. डायक्लोफेनॅकसारखी औषधे मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याला बाधक ठरू शकतात, म्हणून पहिल्या काही दिवसांत ती टाळलेली बरी. पायातल्या शिरांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाणारे हेपॅरिन नुसती ॲड्रिनलची रक्तगाठ आहे एवढ्यासाठी कायमचे रोखू नये. हिमोग्लोबिन स्थिर राहिले की ते केव्हा सुरू करायचे हे शल्यचिकित्सकाने इतर इजा पाहून ठरवावे.

हिमोग्लोबिन घसरत राहिले, किंवा स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट गळताना दिसला आणि रुग्ण अजून स्थिर आहे, तर जिथे सोय असेल तिथे रक्तवाहिनीतून नळी घालून रक्तस्राव करणारी शाखा बंद करता येते. त्यासाठी मोठ्या केंद्रात पाठवायचे असेल तर रुग्ण स्थिर असतानाच पाठवावे. पोट उघडावे लागले तर ते बहुधा यकृत, प्लीहा किंवा मोठ्या शिरेच्या इजेसाठी असते. त्या वेळी ग्रंथीतून सतत रक्त वाहत असेल तर ती काढून टाकणे शक्य असते, पण दुसरी ग्रंथी शाबूत असल्याची खात्री करून आणि जमेल तितका भाग वाचवून. रक्त वाहत नसलेली उदरपोकळीमागची गाठ उगाच उघडू नये. वेष्टनाच्या दाबाने थांबलेला रक्तस्राव आपल्याच हाताने पुन्हा सुरू होतो.

पाचवी पायरी: ॲड्रिनल निकामी झाल्याची वेळेत ओळख

लेखातला हा भाग सावकाश वाचावा, कारण जीव वाचवण्याची संधी इथे आहे. बाहेरच्या थराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाल्याशिवाय सहसा कॉर्टिसोलची तूट लक्षणे दाखवत नाही. त्यामुळे धोका कोणाला, हे आधीच सांगता येते: दोन्ही बाजूंना इजा झालेले, एका बाजूला इजा आणि दुसरी ग्रंथी आधीच काढलेली किंवा रोगग्रस्त असलेले, आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यामुळे ज्यांची स्वतःची यंत्रणा झोपी गेली आहे असे. शेवटच्या गटात तर ॲड्रिनल स्कॅनमध्ये पूर्ण सामान्य दिसली तरी संकट येऊ शकते. अपघात कक्षात विचारलेला पुड्यांचा आणि गोळ्यांचा प्रश्न इथे उपयोगी पडतो.

लक्षणे फसवी असतात. पुरेसे रक्त आणि सलाइन देऊनही रक्तदाब न उचलणे, रक्तदाब वाढवणारी औषधे वाढवत नेऊनही प्रतिसाद न मिळणे, कारण न सापडणारा ताप, उलट्या, पोटदुखी, ग्लानी, गोंधळलेपणा, रक्तातली साखर उतरणे, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त होणे. यांतले प्रत्येक लक्षण अपघाताच्या रुग्णात दुसऱ्या दहा कारणांनी असू शकते, आणि म्हणूनच ते निसटते. रुग्णाला सतत सलाइन चालू असल्याने सोडियम बराच काळ ठीक दिसू शकते. उलट, स्नायू चिरडले गेले असतील तर पोटॅशियम त्यामुळेही वाढते. तेव्हा आकड्यांचे ठरावीक चित्र जुळण्याची वाट पाहू नये. रक्तस्राव थांबलेला आहे, जंतुसंसर्गाचा शोध घेतला आहे, हृदय ठीक आहे, तरी रक्तदाब पडतो आहे, एवढे पुरे आहे. हे पहिल्या दिवशीच घडेल असेही नाही. सुरुवातीला सावरलेला रुग्ण काही दिवसांनी ढासळू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंची इजा असलेल्या रुग्णावर निदान पहिला आठवडा बारीक लक्ष असावे.

शंका आली की क्रम असा ठेवावा. प्रथम कॉर्टिसोलसाठी रक्ताचा नमुना काढावा आणि शक्य असल्यास त्यासोबतच एसीटीएचसाठी (ॲड्रिनलला कॉर्टिसोल बनवायला लावणारे मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचे संप्रेरक). नमुना काढल्याबरोबर, अहवालाची वाट न पाहता, हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातले कॉर्टिसोल) १०० मिलिग्रॅम शिरेतून द्यावे. त्यानंतर २४ तासांत २०० मिलिग्रॅम या प्रमाणात, सतत ठिबकीने किंवा दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम असे चालू ठेवावे. पहिल्या तासात सुमारे १ लिटर नॉर्मल सलाइन द्यावे, पण हृदय व फुप्फुसांकडे आणि चालू असलेल्या रक्तस्रावाकडे पाहून. साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज द्यावे. मुलांमध्ये पहिली मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला ५० ते १०० मिलिग्रॅम असते. हिशेबाला वेळ नसेल तर ३ वर्षांखालील बालकाला २५, ३ ते १२ वर्षांच्या मुलाला ५० आणि त्यापुढे १०० मिलिग्रॅम हे लक्षात ठेवावे. कॉर्टिसोल खरोखर कमी असेल तर रक्तदाब पुष्कळदा काही तासांत सावरू लागतो, आणि तो सावरणे हाही निदानाचाच भाग असतो. नमुना काढायची सोय नसलेल्या ठिकाणी औषध आधी द्यावे. हायड्रोकॉर्टिसोन स्वस्त आहे, ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटातही असते, आणि अनावश्यक दिलेल्या एका मात्रेने होणारे नुकसान न दिलेल्या मात्रेच्या तुलनेत नगण्य आहे.

एक सावधगिरी फारशी सांगितली जात नाही. सोडियम खूप उतरलेले असताना हायड्रोकॉर्टिसोन दिले की मूत्रपिंडे साचलेले पाणी वेगाने बाहेर टाकू लागतात आणि सोडियम अपेक्षेपेक्षा भराभर चढते. ते २४ तासांत ८ ते १० एककांपेक्षा (मिलिमोल प्रति लिटर) जास्त वाढू देऊ नये, अन्यथा मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ शकते. त्यासाठी पहिल्या दिवशी दर चार-सहा तासांनी सोडियम तपासावे.

कॉर्टिसोलचा आकडा वाचताना रुग्ण किती आजारी आहे ते विसरू नये. गंभीर आघातात ते भरपूर वाढलेले असायला हवे. शॉकमध्ये असलेल्या माणसात ते १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर तूट असल्याची शक्यता मोठी आहे. रक्तातली प्रथिने कमी झाली असतील तर एकूण कॉर्टिसोल खोटेच कमी दिसते. भूल देण्यासाठी वा श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी इटोमिडेट वापरले असेल तर एका मात्रेनंतरही साधारण दिवसभर कॉर्टिसोलची निर्मिती दबलेली राहते. म्हणून ते वापरल्याची नोंद ठळक करावी. रुग्ण सावरल्यावर, हायड्रोकॉर्टिसोनची एक मात्रा लांबवून, सकाळी आठच्या सुमारास पुन्हा नमुना घ्यावा: ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर तूट निश्चित, १८ च्या वर असेल तर ती जवळपास नाही, आणि मधल्या आकड्यांसाठी २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून अर्ध्या व एका तासाने कॉर्टिसोल मोजण्याची चाचणी करावी.

तूट कायम राहिली तर तोंडाने हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन किंवा तीन भागांत, सर्वांत मोठा भाग सकाळी उठल्यावर, असे चालू होते. सोबत बहुधा आल्डोस्टेरॉनची उणीव भरून काढणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन लागते. हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दिवसाला ५० मिलिग्रॅम किंवा अधिक असेपर्यंत मात्र त्याची गरज नसते. ज्यांची तूट दोन्ही ग्रंथींतील रक्तस्रावामुळे आहे त्यांच्यापैकी काहींची ग्रंथी पुढे थोडीफार काम करू लागते, म्हणून काही महिन्यांनी अंतःस्रावतज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि औषध आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

बाळे आणि लहान मुले

नवजात बाळाची ॲड्रिनल शरीराच्या मानाने बरीच मोठी आणि रक्ताने भरलेली असते. वजनाने मोठे बाळ, अडलेले बाळंतपण किंवा जन्मताना गुदमरणे यानंतर तिच्यात रक्तस्राव होऊ शकतो. लांबलेली कावीळ, पोटात लागणारी गाठ, फिकटपणा किंवा मुलग्याच्या वृषणकोशावर आलेला निळसरपणा यांवरून तो ओळखू येतो. या वयात सोनोग्राफी पुरेशी असते. दर काही आठवड्यांनी ती करत राहिल्यावर गाठ लहान होत गेली तर ती रक्तगाठ. ती तशीच राहिली किंवा वाढली तर न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांतल्या कर्करोगाची शंका घेऊन लघवीतल्या संबंधित द्रव्यांची तपासणी करावी.

थोड्या मोठ्या मुलात ॲड्रिनलची इजा आहे आणि घरचे ‘पलंगावरून पडला’ एवढेच सांगत आहेत, असे असेल तर मुलाचे सर्व अंग उघडून तपासावे आणि मारहाणीची शक्यता नोंदवून पुढची कायदेशीर प्रक्रिया करावी. पलंगावरून पडण्याचा आघात इतक्या खोल क्वचितच पोहोचतो.

घरी जाताना आणि त्यानंतर

डिस्चार्ज कार्डावर इजेची बाजू, गाठीचा आकार, दुसऱ्या ग्रंथीची अवस्था आणि पुन्हा तपासणीची तारीख या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. नसतील तर नातेवाइकांनी त्या आग्रहाने लिहून घ्याव्यात. डॉक्टरांना हे विचारण्यात काहीही गैर नाही.

साधारण दोन ते तीन महिन्यांनी स्कॅन पुन्हा करावा, आणि सोय असेल तर एमआरआय केल्यास किरणोत्सर्ग टळतो. रक्तगाठ असेल तर ती लहान झालेली आणि विरळ झालेली असते, काही महिन्यांत ती बहुधा पूर्ण विरते. कधी चुन्याचा थर किंवा पाण्याची पोकळी मागे राहते आणि तिला सहसा उपचार लागत नाहीत. गाठ तेवढीच राहिली, वाढली किंवा कॉन्ट्रास्ट शोषू लागली तर ती आधीपासूनची असण्याची शक्यता गृहीत धरून शोध घ्यावा. अशा गाठीत सुई घालण्याआधी किंवा तिच्यावर शस्त्रक्रिया करण्याआधी रक्तातली किंवा २४ तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन (ॲड्रिनलिनपासून बनणारी द्रव्ये) तपासलीच पाहिजेत, कारण न ओळखलेल्या फिओक्रोमोसायटोमाला हात लावला तर रक्तदाब जीवघेणा चढू शकतो. ही तपासणी अपघाताच्या पहिल्या दिवसांत करू नये. त्या काळात शरीराच्या ताणामुळेच आकडे वाढलेले असतात.

एका बाजूची इजा असलेल्या माणसाला बरगड्या आणि यकृत भरून आल्यावर ॲड्रिनलसाठी वेगळे पथ्य नाही. जड कामावर आणि दुचाकीवर केव्हा परतायचे हे यकृताच्या किंवा मणक्याच्या इजेवरून ठरते. मात्र सतत थकवा, उठल्यावर चक्कर, भूक मंदावणे, वजन घटणे, खारट खाण्याची विलक्षण ओढ किंवा हिरड्या व तळहाताच्या रेषा काळवंडणे यांपैकी काही दिसू लागले तर ‘अपघातानंतरचा अशक्तपणा’ म्हणून टॉनिकवर भागवू नये, सकाळचे कॉर्टिसोल तपासून घ्यावे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या ग्रंथींच्या विकाराचे वर्णन केले तेव्हा त्यांचे लक्ष वेधले गेले ते याच अशक्तपणाने आणि कातडीच्या काळवंडण्याने.

ज्यांना कायमचे हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाले आहे त्यांच्या घरच्यांनी तीन गोष्टी पक्क्या शिकून घ्याव्यात. ताप आला की डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे गोळीची मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करायची. उलट्या-जुलाबांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न पाहता इंजेक्शनसाठी रुग्णालय गाठायचे. दात काढण्यापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत कोणत्याही उपचाराआधी ‘मला स्टिरॉइडची गरज आहे’ हे सांगायचे. पाकिटात मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड ठेवावे, त्यावर आजाराचे नाव, रोजची मात्रा आणि ‘संकटात हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब द्यावे’ हे वाक्य असावे. घरात एक इंजेक्शन, सुई आणि ते स्नायूत द्यायला शिकलेला एक माणूस असावा. वाडीवर किंवा पाड्यावर राहणाऱ्या कुटुंबाने तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेला हे कार्ड आधीच दाखवून ठेवावे.